ब्रेक पॅड निवडताना आधी तापमान बघा

स्पोर्टी गाडीला नवे पॅड घ्यायचे म्हटलं की सल्ले सुरू होतात. "रेसिंगचे टाक, प्रश्नच मिटला." हा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय धोक्याचा आहे. पॅड कुठला घ्यायचा हे ठरतं ते तुमचे ब्रेक किती तापतात यावर. बाकी सगळं त्यानंतर.

माप

पॅडचा आकार मॉडेलच्या नावावर नाही, कॅलिपरवर ठरतो, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर. त्याच गाडीच्या स्पोर्ट व्हेरियंटला बऱ्याचदा मोठे कॅलिपर असतात. जुना पॅड काढून नव्याच्या पाठीवर ठेवून बघा, किंवा चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा. झीज दाखवणारा सेन्सर असेल तर त्याची जागाही जुळायला हवी.

डिस्क

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मोजताना कडेला उरलेली उभी कड टाळा, नाहीतर माप जास्त येतं आणि संपलेली डिस्क चांगली वाटते. माप कमी भरलं तर डिस्क बदला, तिच्यावर महागडे पॅड चढवू नका.

कंपाउंड

कंपाउंड म्हणजे पॅड ज्या मिश्रणाचा बनतो ते. खरी मेहनत इथे आहे, आणि माझी चूकही इथेच झाली होती.

लांबलचक घाट उतरताना माझ्या गाडीचं पेडल मऊ पडलं आणि नेहमीपेक्षा खोल गेलं. पॅड कमी पडले असं मी धरून चाललो आणि थेट रेसचे पॅड आणून बसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पहिल्याच चौकात ब्रेक दाबला. पेडल टणक होतं, पाय पूर्ण जोर लावत होता, पण गाडी पुढे सरकतच राहिली. थांबली ती रेषेच्या बरीच पलीकडे. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आणि पुढच्या खेपेला त्याच घाटात पेडल पुन्हा मऊ पडलं, कारण दोष पॅडचा नव्हताच. ब्रेक ऑईल जुनं होतं, ते उकळत होतं.

म्हणून आधी निदान करा. गरम झाल्यावर पेडल टणक राहतं पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला आहे. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर आधी ऑईलकडे बघा. डॉट ४ ऑईलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ते हवेतला ओलावा शोषत राहतं, आणि ओल्या ऑईलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. हा फरक कुठलाही पॅड भरून काढू शकत नाही.

आता तापमान. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र, आणि ती उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली तर साधारण ५४० किलोजूल ऊर्जा निघते. १४० वरून थांबली तर साधारण १०६०, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यामुळे शहरात जोरात चालवणं आणि ट्रॅकवर फेऱ्या मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. अंदाज नको असेल तर डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारा रंग लावा. प्रचलित संचात हिरवा रंग ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. एका दिवसाच्या ड्रायव्हिंगनंतर कडेवरच्या तीन रेघा बघितल्या की वाद संपतो.

हिरवी रेघसुद्धा बदलली नाही, तर रेसचा पॅड घेऊ नका. अशा पॅडला पकड यायलाच बऱ्याचदा दीडशे-दोनशे अंश लागतात, आणि रस्त्यावर पहिला ब्रेक नेहमी गारच असतो. रोजच्या वापराला आणि अधूनमधून घाटाला जलद रस्त्यासाठी बनवलेला पॅड घ्या, जो गार असतानाही चावतो. ट्रॅकला खरोखर जात असाल तर तिथले पॅड वेगळे ठेवा आणि तिथेच बदला. दोन्हीकडे उत्तम चालणारा पॅड मला आजवर मिळालेला नाही.

पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं वाचा, पण त्यांच्यावर विसंबू नका. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं, दुसरं गरम अवस्थेचं. एफ म्हणजे घर्षण गुणांक (पकडीचं माप) ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफएफपेक्षा जीजी भारी, असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा की ५०० अंशांना काय होतं. ही अक्षरं ज्या चाचणीतून ठरतात ती साधारण ३४० अंशांपर्यंतच जाते.

पुढचे आणि मागचे

एका ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला. मागे पुढच्यापेक्षा जास्त चावणारा पॅड कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि ती आधी लॉक झाली तर गाडी फिरते.

बसवल्यावर

नव्या पॅडला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना ऑईलच्या टाकीवर लक्ष ठेवा, आणि गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा.

मग मोकळ्या रस्त्यावर पॅड डिस्कवर बसवून घ्या. कंपनीची पद्धत असेल तर तीच पाळा. नसेल तर ताशी ६० वरून १५-२० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग उतरवा आणि प्रत्येक वेळेच्या मधे थोडं चालवून ब्रेक गार होऊ द्या. पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात आणि चांगली डिस्क फेकून देतात. शेवटी दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवा, आणि पार्क केल्यावर ब्रेक गार होईपर्यंत हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.