दमट हवेतही पाने फाकावीत म्हणून: गोव्यातल्या शाळेत विद्युतदर्शी बनवताना

फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवण्याचा प्रयोग पुस्तकात सोपा दिसतो. पणजीत किंवा वास्कोत जुलै महिन्यात केला, तर फुगा सरळ खाली येतो आणि मुलांना वाटते आपलेच काही चुकले. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो. धूळ, हाताचा घाम, दर्याकाठच्या हवेतले मीठ त्यात विरघळते आणि घासून जमवलेला प्रभार (विद्युतभार) त्या थरावरून पाहता पाहता निसटतो. विद्युतदर्शी म्हणजे वस्तूवर प्रभार आहे का ते दाखवणारे साधे उपकरण: त्यातल्या धातूच्या दोन पातळ पानांवर सारखा प्रभार आला की ती एकमेकांना ढकलून फाकतात. म्हणून आपल्याकडे ते बनवण्याचे निम्मे काम म्हणजे वाळवणे.

वेळ आधी ठरवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळचे दव उडाले की साधारण दहा ते बारा या वेळात घाटाकडून येणारी हवा कोरडी असते. दुपारी दर्यावरचा वारा सुटला की ओल परत येते. पावसाळ्यात करायचेच असेल तर प्रत्येक वस्तू हेअर ड्रायरने दोन मिनिटे गरम करून घ्या. आणि सगळा वर्ग टेबलाभोवती वाकून उभा करू नका, श्वासातली वाफसुद्धा प्रयोग बिघडवते.

साहित्य असे: काचेची रुंद तोंडाची बरणी, तिचे प्लास्टिकचे झाकण, दीड ते दोन मिलिमीटर जाडीची एकतारी तांब्याची तार (१५ सेंटिमीटर), स्वयंपाकघरातले अॅल्युमिनियम फॉइल, मेणबत्ती, रिकाम्या बॉलपेनची प्लास्टिकची नळी, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. घासायला वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, ३० सेंटिमीटर लांब. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तो कापून मिळतो. जुन्या पुस्तकांत स्ट्रॉ वापरायला सांगतात, पण प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ पासून बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ या कामाचा नाही, कारण कागद ओल धरतो.

बरणी आणि पाइप साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून तासभर उन्हात ठेवा. साबणाचा अंश राहिला तर तोच गळतीची वाट होतो. झाकणाला भोक पाडून त्यात पेनच्या नळीचा चार सेंटिमीटरचा तुकडा बसवा, नळीतून तार घाला आणि मोकळ्या जागेत वितळलेले मेण ओता. हे काम मोठ्या माणसाने करावे. इथे लाकडी बूच वापरण्याचा मोह टाळा, ते ओल शोषते. मेण पाणी धरत नाही आणि उत्तम दुर्वाहक आहे. या उपकरणाचे यश त्या बोटभर मेणावरच उभे असते.

तारेचे खालचे टोक हुकासारखे वळवा. वरच्या टोकावर फॉइलची सुपारीएवढी गोळी घट्ट दाबून बसवा आणि गुळगुळीत करा. टोकदार कोपरे राहिले तर प्रभार तिथे दाटतो आणि हवेत गळतो.

आता पाने. फॉइलच्या दोन पट्ट्या कापा, प्रत्येकी ४ सेंटिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद. वरच्या टोकाला टाचणीने सैलसर भोक पाडून हुकात अडकवा. चिकटवू नका, चिकटवलेली पाने हलत नाहीत. ११ मायक्रॉन जाडीच्या फॉइलची अशी पट्टी जेमतेम ६ मिलिग्रॅम भरते. पाने फाकवणारे बल किती लहान असते ते पाहा. दोन छोट्या वस्तूंवर प्रत्येकी १० नॅनोकूलोम प्रभार, म्हणजे सुमारे ६,२५० कोटी इलेक्ट्रॉनांचा, आणि अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर कूलोमच्या (दोन प्रभारांमधले बल सांगणाऱ्या) नियमाने बल ०.०००३६ न्यूटन येते, म्हणजे ३७ मिलिग्रॅमच्या वजनाएवढे. अंतर दुप्पट केले की ते चौथ्या हिश्श्यावर, ९ मिलिग्रॅमवर येते. चॉकलेटच्या कागद चिकटवलेल्या चांदीची पाने का फाकत नाहीत, ते इथे कळते: ती जड असतात. सिलिका जेल बरणीत टाका, झाकण लावा.

पाइपचे एक टोक धरा आणि उरलेला भाग लोकरीच्या कोरड्या कापडाने पंधरा-वीस वेळा जोरात घासा. लोकरीतून इलेक्ट्रॉन पाइपवर येतात, पाइप ऋणप्रभारित होतो. गोळीजवळ आणताच पाने फाकतात, पाइप दूर नेला की मिटतात. पाने कायम फाकलेली हवी असतील तर प्रवर्तन वापरा, म्हणजे पाइप न टेकवता नुसता जवळ धरून प्रभारित करा. पाइप गोळीजवळ धरून ठेवा, गोळीला बोट लावा, बोट काढा, मगच पाइप दूर न्या. बहुतेकांचे चुकते ते इथे. पाइप आधी हलवला तर बोटावाटे गेलेले इलेक्ट्रॉन त्याच वाटेने परत येतात आणि पाने मिटलेलीच राहतात. क्रम बरोबर ठेवला तर पानांवर धनप्रभार उरतो, पाइपच्या उलट.

पाइप कागदाचे कपटे ओढतो, म्हणून कपटे प्रभारित आहेत असे मुले लगेच लिहितात. तसे नाही. प्रभार नसलेली वस्तूही आकर्षिली जाते. दोन्ही वस्तू प्रभारित आहेत याची खात्री फक्त प्रतिकर्षणाने, म्हणजे एकमेकींना दूर ढकलण्याने, होते. ते दाखवायला सेलोटेप पुरे. टेबलावर एक पट्टी पाया म्हणून चिकटवा, तिच्यावर १० सेंटिमीटरची दुसरी लावून झटक्यात ओढा. तशीच आणखी एक काढा. दोन्ही जवळ आणल्यावर एकमेकींपासून दूर पळतात. एकेक पट्टी घासलेल्या पाइपजवळ नेऊन पाहा: पट्टी दूर गेली तर तिच्यावर ऋणप्रभार नक्की. जवळ आली, तर ती पाइपला दूर ढकलत नाही एवढेच त्यावरून ठरते. मात्र तिच्या जोडीदारणीशी प्रतिकर्षण आधीच दिसले असल्याने तिच्यावर धनप्रभार आहे असे म्हणता येते.

शेवटी पाने फाकवून ठेवा आणि ती पुरती मिटायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. मग मेणावर तोंडाने एकदा हलकी वाफ सोडून तेच परत करा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर हीच बरणी पुन्हा बाहेर काढा.