म्हाताऱ्या माणसांचे पाय तपासताना ‘लागलं का?’ विचारू नका

वयस्कांच्या पायांची देखभाल शिकायला आलात म्हणजे नखं सरळ कापायची, कडा कोरायच्या नाहीत, मधुमेह्याच्या कुरूपावर जाळणारी पट्टी लावायची नाही, एवढं ठाऊक असेलच. फसगत होते ती तळवा बधिर झालाय का, या तपासणीत.

दहा ग्रॅमची, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारी, नायलॉनची तार तळव्याला टेकवून ‘आजी, लागलं का?’ विचारलं की आपल्याकडची आजी दर वेळी ‘हां, लागनं’ म्हणते. ती खोटं बोलत नसते. तुम्ही तिच्या पायाशी बसलेल्या, शेजारी सून उभी. नाही म्हणायचा तिला संकोच वाटतो. शिवाय तार तिला दिसतेच.

म्हणून आधी तार तिच्या हातावर टेकवून ते लागणं कसं असतं ते कळू द्या. मग डोळे मिटायला सांगा. तार वाकेपर्यंत दाबा, सेकंद-दोन सेकंद, बस. दर जागी दोनदा खरं टेकवा, एकदा न टेकवताच विचारा. लागलं म्हणाली, तर कोणत्या पायाला तेही विचारा. घट्ट्यावर टेकवू नका, शेजारच्या मऊ कातडीवर टेकवा. दहाएक माणसं झाली की तारेला दिवसभर विश्रांती द्या, नाहीतर ती लवकर वाकते आणि तुम्ही चुकीचं लिहिता.

एका आजीने डोळे मिटले. माझी तार वाकलेली, आणि त्या विचारतात, ‘कव्हय लावशी वं माय?’ म्हणजे, केव्हा लावशील गं? अंगठ्याच्या बुडाशी पिवळट घट्टा होता, मधोमध काळसर लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे आत झिरपलेलं रक्त. खाली जखम असू शकते. नवख्याने तिथे ब्लेड लावायचंच नाही. पायाच्या नाड्या बघा, जाणत्याकडे पाठवा.

दोन दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन घट्टे तासणाऱ्यांकडे शिकू नका, हे मी स्पष्टच सांगते. ड्रेसिंग रूममधल्या जुन्या सिस्टरमागे उभ्या राहा. हात बसायला वेळ लागतो, आणि तो बसतोच, घाबरू नका.

जोडवी बळजबरीने काढू नका. बाजूला सरकवून बोटांच्या बेचक्यात चिखल्या, व्रण बघा.

आणि एप्रिल-मेमध्ये प्रत्येक घरी विचारा, गच्चीवर पापड-कुरडया घालायला कोण जातं? जळगाव-भुसावळच्या उन्हात बधिर तळवा पोळतो आणि कळत नाही. मागे पट्टा असलेली मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल घालायला लावा, गच्चीवरसुद्धा. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून माप तेव्हाच घ्या.