मॉरिशसला निघताना: तयारीची यादी

मॉरिशसला निघालेला प्रवासी पोहण्याचे कपडे आणि गॉगल सहसा विसरत नाही. विसरतो ते रेनकोट, उपरणे आणि पंचांग. बेट जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे सकाळी किनाऱ्यावर, दुपारी धुक्यातल्या डोंगरात आणि संध्याकाळी एखाद्या देवळात, असा दिवस तिथे सहज जातो. पुढची यादी अशा दिवसासाठी आहे.

पहिले काम पंचांगाचे. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने तिथला हिवाळा मे ते ऑक्टोबर असा असतो आणि तो तुलनेने कोरडा, वाऱ्याचा व फिरायला सुखाचा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने दमट असून याच काळात चक्रीवादळे येतात. अडचण अशी की, महाशिवरात्र आणि तमिळ समाजाचा थैपुसम कावडी हे दोन्ही मोठे उत्सव याच वादळी महिन्यांत पडतात. ते पाहायचे असतील तर परतीच्या तिकिटापुढे एकदोन दिवसांची मोकळीक ठेवावी आणि रोजची औषधे तितके दिवस जास्तीची घ्यावीत. मराठी माणसाने मात्र, शक्य असेल तर, गणेश चतुर्थीचा काळ निवडावा, असे माझे मत आहे. हवाही चांगली असते आणि कारणेही पुढे येतीलच.

कागदपत्रांची बाब थोडक्यात आटोपते. भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. घड्याळ दीड तास मागे करावे लागते. प्लग इंग्लंडसारखे तीन चपट्या पिनांचे किंवा युरोपसारखे दोन गोल पिनांचे असतात, म्हणून अडॅप्टर घ्यावा. सामानात ताजी फळे, बियाणे, रोपे काहीही नको. परवान्याविना ती आत नेता येत नाहीत, आणि पूजेसाठी म्हणून नेलेल्या दूर्वांनाही यात सवलत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा दोन कापडी पिशव्या बॅगेच्या वरच्याच कप्प्यात असाव्यात.

कपड्यांत सर्वाधिक चूक होते ती मधल्या पठाराबाबत. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना क्युरपिपच्या बाजूला रिमझिम चालू असते, आणि हिवाळ्यात तिथे स्वेटर घालावासा वाटतो. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात पायवाटा निसरड्या होतात, त्यामुळे पकड असलेले बूट आणि घडीचा रेनकोट हवाच. छत्री झाडीत निरुपयोगी ठरते. १९७० च्या दशकात जंगलात अवघे चार उरलेले मॉरिशस केस्ट्रेल हे ससाण्याच्या कुळातले पक्षी आणि दुर्मीळ गुलाबी कबुतरे याच परिसरात दिसू शकतात, म्हणून घरात दुर्बीण असेल तर ती घ्यावी. शामारेलच्या सप्तरंगी मातीसाठी वेगळी तयारी लागत नाही. बेसॉल्टची झीज होऊन उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे ते रंग आले आहेत. ते कुंपणाबाहेरूनच पाहायचे असतात, आणि ऊन तिरपे असताना गेल्यास अधिक उठून दिसतात.

बेटाभोवती बहुतांश ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतले पाणी उथळ आणि शांत असते. तरीही रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट घ्यावेत. प्रवाळाने पाय कापतो आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही या पाण्यात आहे. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही हा नियम ब्लू बे सागरी उद्यानात तर कसोशीने पाळावा. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा, कारण त्यातले काही पाण्यात उतरत नाही. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री-ग्री येथे मात्र ती भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे फक्त उभे राहून पाहावे. जाहिरातींतला ‘पाण्याखालचा धबधबा’ वाळू आणि गाळाच्या ओघळांमुळे होणारा दृष्टिभ्रम असून तो केवळ आकाशातून दिसतो, तेव्हा किनाऱ्यावर त्याचा शोध घेत वेळ घालवू नये.

तो भ्रम जिथे दिसतो त्या ल मॉर्न डोंगराची उंची ५५६ मीटर आहे. पळून आलेल्या गुलामांचा हा आसरा होता, आणि २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. चढायचे असल्यास पहाटे निघावे, दीड-दोन लिटर पाणी आणि वाटाड्या बरोबर घ्यावा, कारण वरचा टप्पा खड्या कातळाचा आहे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन येणारे शिपाई आपल्याला पकडायलाच आले, असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगितली जाते. वर पोहोचल्यावर आरडाओरडा करू नये, हे सांगायला लागू नये.

देवळांसाठी प्रत्येकाच्या पिशवीत खांदे झाकणारे उपरणे किंवा ओढणी आणि सहज काढता येतील अशा चपला असाव्यात. महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे, म्हणजे ज्वालामुखीच्या विवरात साठलेल्या ग्राँ बासँ सरोवराकडे, पांढऱ्या कपड्यांतले हजारो भाविक सजवलेल्या कावडी घेऊन पायी येतात, आणि वाटेत गावकरी त्यांना पाणी व जेवण देतात. त्या दिवसांत गाडीने जाण्याचा हट्ट सोडून थोडे तरी अंतर चालावे. थैपुसम कावडीच्या दिवशी गाल आणि जिभेतून सुया टोचून घेतलेले भक्त दिसतात. दिवसेंदिवस उपास केलेल्या त्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारावे.

गणेश चतुर्थीनिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पश्चिमेकडच्या कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीच्या गावात आरती मराठीतच म्हटली जाते आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारा झाकरी नाच होतो. मराठी तिथे शाळेत शिकवली जाते, पण घरातली बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा, आहे, हे ध्यानात ठेवून सावकाश बोलावे. कोणाच्या शब्दांना हसू नये. रिकाम्या हाती जाण्यापेक्षा घरच्या कोरड्या फराळाचा बंद डबा न्यावा.

ज्यांच्या घरात ‘पणजोबांचा भाऊ मिरीच देशाला (म्हणजे मॉरिशसला) गेला’ अशी गोष्ट चालत आली आहे, त्यांनी नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि अंदाजे साल निघण्यापूर्वी देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत लिहून घ्यावे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी पहिले करारबद्ध भारतीय मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. पुढे जवळजवळ पाच लाख भारतीय तिथल्याच ‘आप्रवासी घाट’ नावाच्या धक्क्यावरून गेले. मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. कारकुनाने ऐकले तसे लिहिल्याने नावांची रूपे बदललेली असतात, त्यामुळे एकाच नावाचे चारपाच पर्याय तयार ठेवावेत.

सुटे मॉरिशियन रुपये खाऊसाठी लागतात. रस्त्यावरची दालपुरी जोडीनेच मिळते: हरभऱ्याच्या डाळीचे भरड सारण असलेली, गूळ नसलेली पुरणपोळीच म्हणा ना, त्यावर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून ती कागदात गुंडाळून देतात. मिरची आधी विचारून घ्यावी. सेगा हे तिथले पारंपरिक नाचगाणे ऐकायचे असेल तर वेळेआधी पोहोचावे, कारण बकऱ्याच्या कातड्याचा राव्हान हा डफ वाजवण्यापूर्वी आगीवर शेकून ताणला जातो आणि ते पाहण्यासारखे असते.

परतीच्या बॅगेत प्रवाळ किंवा किनाऱ्यावर वेचलेले शंख-शिंपले असता कामा नयेत, म्हणून मुलांचे खिसे आदल्या रात्रीच रिकामे करून घ्यावेत.