रूपविकारी ताऱ्यांच्या प्रकाशमापनासाठी साधन कसे निवडावे

हौशी निरीक्षकाने रूपविकारी तारे, म्हणजे तेज बदलत राहणारे तारे, मोजायचे ठरवले की बहुतेक वेळा सुरुवात कॅमेऱ्याच्या शोधापासून होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की आधी तारा निवडा. कोणते साधन पुरेल हे तारा पाहूनच ठरते.

पायरी १ : ताऱ्याची नोंद करा

तारा किती तेजस्वी आहे, त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) कितीने बदलते आणि किती काळात, या तीन गोष्टी लिहून घ्या. तिमिंगल तारकासमूहातला मीरा सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात कित्येक प्रतींनी मंद होऊन पुन्हा उजळतो, तिथे ०.१ प्रतीची चूक सहज खपते. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी ५.३७ दिवसांत ३.५ ते ४.४ या प्रतींमध्ये फिरतो. बाह्यग्रहाच्या अधिक्रमणात, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह त्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा, मात्र बदल जेमतेम ०.०१ प्रतीचा असतो. तिघांना एकच साधन सुचवणे योग्य नाही.

पायरी २ : डोळे आणि द्विनेत्री

मीरासारख्या ताऱ्यांसाठी १०×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची, १० पट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची छोटी दुर्बीण) आणि तुलना-ताऱ्यांचा, म्हणजे प्रत ठाऊक असलेल्या स्थिर ताऱ्यांचा, नकाशा एवढे पुरते. एक तुलना-तारा किंचित तेजस्वी, दुसरा किंचित मंद घ्या आणि आपला तारा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवा. ०.१ ते ०.२ प्रतीपर्यंत अंदाज येतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नका, तो हळूहळू जास्त तेजस्वी भासू लागतो. १९११ साली स्थापन झालेल्या ‘एएव्हीएसओ’ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संस्थेकडे अशा डोळ्यांनी केलेल्या नोंदींचा प्रचंड साठा आहे आणि संशोधक तो आजही वापरतात. म्हणून ही पायरी कमी दर्जाची समजू नका.

पायरी ३ : डीएसएलआर

घरात डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) असेल तर नवीन काही घेण्याआधी तोच वापरून पाहा. काळजी घेतली तर ०.०१ ते ०.०२ प्रतीची अचूकता मिळते. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्या. जेपेगमध्ये कॅमेरा उजेडाचे प्रमाण बदलून टाकतो आणि मोजमाप तिथेच बिघडते. फोकस किंचित ढिला ठेवा, म्हणजे ताऱ्याचा उजेड बऱ्याच पिक्सेलांवर पसरेल. मोजणीसाठी फक्त हिरवे पिक्सेल घ्या. प्रकाशमापनासाठी ठरवलेला, पिवळसर-हिरवा प्रकाश जाऊ देणारा प्रमाणित फिल्टर म्हणजे व्ही फिल्टर; ते त्याच्या बरेच जवळ जातात.

मृगातल्या तांबड्या काक्षीसारख्या (बीटलजूज) ठळक ताऱ्यासाठी साधी लेन्स दुर्बिणीपेक्षा सरस ठरते. २०२० च्या फेब्रुवारीत काक्षी सुमारे १.६ प्रतीपर्यंत मंदावला होता. त्याच्या तोडीचे तुलना-तारे आकाशात दूरदूर आहेत, ते दुर्बिणीच्या अरुंद क्षेत्रात मावतच नाहीत.

पायरी ४ : मोनोक्रोम कॅमेरा आणि फिल्टर

तारा मंद असेल किंवा बदल बारीक असेल, तर दुर्बिणीवर मोनोक्रोम (रंग न टिपणारा) कॅमेरा लावावा लागतो; त्याचा सेन्सर सीमॉस किंवा सीसीडी प्रकारचा असतो. पैसे मर्यादित असतील तर मोठ्या सेन्सरपेक्षा चांगला व्ही फिल्टर आधी घ्या. सुंदर रंगीत छायाचित्रांसाठी बनवलेले हिरवे फिल्टर वेगळे असतात. फिल्टरशिवाय घेतलेली मापे दुसऱ्या निरीक्षकाच्या मापांशी नीट जुळत नाहीत आणि मग वर्षानुवर्षांच्या आलेखात त्यांना जागा उरत नाही.

दुर्बीण आणि कॅमेरा जुळतात का, हे एका गणिताने कळते : पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन २०६.२६५ ने गुणा आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने (फोकल लेंग्थ) भागा. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ८०० मिमी नाभीय अंतर असेल तर प्रत्येक पिक्सेलवर सुमारे ०.९७ विकला (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला) येतात. ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी, म्हणजे उजेड मधल्या कमाल उजेडाच्या निम्मा उरतो तिथली, किमान २ ते ३ पिक्सेल भरली पाहिजे.

माउंट, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यामागे फिरवणारा आधार, मजबूत हवा, तारा रात्रभर साधारण त्याच पिक्सेलांवर राहायला हवा.

पायरी ५ : साधनाची परीक्षा घ्या

स्थिर, मंद प्रकाशाकडे कॅमेरा रोखून एक्स्पोजर दुप्पट करत जा. बायस (उजेड नसतानाही कॅमेरा दाखवतो तो मूळ आकडा) वजा केल्यावर पिक्सेलचा आकडाही दुप्पट व्हायला हवा. जिथे तो मागे पडू लागतो, ती तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा; ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल कायम तिच्या बराच खाली ठेवा. काही सीसीडींमध्ये ही मर्यादा पूर्ण क्षमतेच्या बरीच आधी येते, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नका. डार्क (झाकण लावून घेतलेली) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाची) चित्रे घेण्याचा कंटाळा करू नका; ती कॅमेऱ्याचे दोष वजा करायला लागतात.

शेवटी, प्रत न बदलणारा एक पडताळणी-तारा निवडून रात्रभर मोजा. त्याच्या मापांत जेवढा विखुरलेपणा दिसेल, तेवढी तुमची खरी चूक. ती पहिल्या पायरीत लिहिलेल्या बदलापेक्षा बरीच लहान असेल, तर नवे साधन घेण्याची गरज नाही.