कथानक म्हणजे कथासार नव्हे : मराठी एम. ए.च्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

मराठी घेऊन एम. ए.ला नुकताच प्रवेश घेतलेल्या किंवा नेट-सेटच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांना कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, संघर्ष, आशयसूत्र ही यादी नव्याने सांगण्याची गरज नाही. ती शाळेपासून पाठ असते आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. यादी पाठ असलेला विद्यार्थी कथा हातात पडताच एकेका घटकाखाली चार-दोन वाक्ये लिहितो, ‘कथानक’ या मथळ्याखाली सगळी गोष्ट पुन्हा सांगतो आणि विश्लेषण झाले असे समजतो. अशा उत्तराला परीक्षक नापास करत नाहीत, पण फार गुणही देत नाहीत. आणि का देत नाहीत, हे सहसा कोणी समजावत नाही. मी स्वतः बराच काळ याच जागी अडकून पडले होते, त्यामुळे या एका मुद्द्यावर इथे जरा लांबण लागणार आहे. बाकीचे घटक त्या मानाने लवकर उमगतात.

इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये दिलेला राजा-राणीचा दाखला तुम्हाला ठाऊक असेलच : राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट; राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. दाखला बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबणारा विद्यार्थी प्रत्येक दोन घटनांमध्ये एक ‘म्हणून’ घालतो आणि त्याचे कथासार फक्त थोडे लांबते. रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे साहित्यकृतीच्या रचनेवर भर देणाऱ्या समीक्षकांनी, साधारण त्याच काळात मांडलेला भेद अभ्यासाला अधिक उपयोगी पडतो. घटना ज्या क्रमाने घडल्या ती ‘फाबुला’ आणि त्या ज्या क्रमाने वाचकापुढे मांडल्या ती रचना म्हणजे ‘स्यूझेट’. हा भेद नुसता व्याख्येपुरता लिहून ठेवला तर काही हाती लागत नाही. तो समोरच्या कथेवर चालवून पाहावा लागतो.

समजा, एक लहानशी कथा आहे. तिच्यातल्या घटना घडल्या त्या क्रमाने अशा : बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात दोन भाऊ वाढतात, थोरला वडिलांशी भांडून घर सोडतो, वडील वारतात तेव्हाही तो येत नाही, धाकटा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि वाडा बंद पडतो, पुढे वाडा विकायचे ठरते, धाकटा कुलूप उघडायला येतो, तर दाराला भलतेच कुलूप. कथा मात्र या शेवटच्या क्षणी, किल्ली कुलपात बसत नाही तिथे, सुरू होते. वडिलांचा मृत्यू मध्येच अर्ध्या वाक्यात उरकला जातो. कुलूपवाल्याला आणायला म्हणून धाकटा वळतो, तेवढ्यात दाराच्या फटीतून त्याला चौकातले वृंदावन दिसते. तुळस हिरवीगार आहे आणि तिच्या बुडाची माती ओली आहे. तो किल्ली खिशात टाकतो आणि ओट्यावर बसून राहतो. कथा इथे संपते.

या कथेचा उत्कर्षबिंदू विचारला तर बहुतेक जण वडिलांचा मृत्यू असे उत्तर देतात, कारण घडलेल्यांपैकी सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक आहे हे एकदा नीट कळले की अर्धा अभ्यासक्रम सोपा होतो. घटना आयुष्यात किती मोठी आहे यावर तिचे कथेतले स्थान ठरत नाही. तिच्यामुळे पात्राला ठाऊक असलेले काय बदलते आणि त्यानंतर ते पात्र काय वेगळे करते, यावर ते ठरते. ओली माती पाहताच धाकट्याला कळते की, घराकडे पाठ फिरवली असे ज्याच्याविषयी तो धरून चालला होता, तो थोरला इथे येऊन-जाऊन आहे. किल्ली खिशात जाते ती त्यामुळे. याच घटना घडल्या त्या क्रमाने सांगितल्या असत्या तर ती एका भांडणाची कथा झाली असती आणि वाचक थोरल्याच्या परतण्याची वाट पाहत राहिला असता. कुलपापासून सुरुवात केल्यामुळे, घर आपण एकट्यानेच सांभाळले असे मानणाऱ्या माणसाची ती कथा होते. म्हणून कोणत्याही प्रसंगाच्या समासात ‘पुढे काय झाले’ असे न लिहिता ‘हे इथेच का सांगितले, आधी का नाही’ एवढाच प्रश्न लिहावा.

बाकीचे घटकही याच प्रश्नाच्या पोटात येतात. थोरल्याने प्रथमपुरुषी निवेदन केले असते तर कुलपाचे गूढ पहिल्याच परिच्छेदात संपले असते; सर्वज्ञ निवेदक घेतला असता तर त्याने ही माहिती का दडवली, याला सबब शोधावी लागली असती. वाडा हाही इथे देखावा म्हणून आलेला नाही. फ्लॅटच्या बंद दारातून कोणाला तुळशीची माती दिसली नसती. एवढे पाहिल्यावर निवेदन, वातावरण आणि कथानक यांची तीन वेगळ्या मथळ्यांखाली वाटणी करणे किती कृत्रिम आहे, हे तुमचे तुम्हालाच जाणवेल.

आता कथानकाचा चढ, शिखर आणि उतार दाखवणाऱ्या त्या त्रिकोणी आकृतीविषयी. गुस्ताव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने ती १८६३ मध्ये पंचांकी शोकात्मिका डोळ्यांसमोर ठेवून मांडली आणि तिचे शिखर मधोमध येते. आपल्या वह्यांतून ते शेवटाकडे सरकलेले असते आणि वर ती आकृती दोन पानांच्या लघुकथेवरही बसवली जाते. याहून वाईट म्हणजे शेजारी नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था लिहून जोड्या जुळवणारे तक्ते. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा (फळ मिळण्याची आशा), नियताप्ती (ते मिळणारच ही खात्री) आणि फलागम (फळ हाती येणे) या नायकाच्या प्रयत्नांच्या अवस्था आहेत आणि त्या फळापाशी पोहोचतात. फ्रायटागची उतरण नाशाकडे जाते. दोन्हीकडे आकडा पाच आहे, एवढ्यावरून त्यांचे नाते जुळत नाही. असे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि माझ्या मते ते उघडूच नयेत.

बडोद्यात शिकणाऱ्यांना एक गोष्ट सहज उपलब्ध आहे, ती दवडू नये. इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात गुजराती शिकवणाऱ्या सुरेश जोशी यांनी १९५७ च्या आपल्या पहिल्या कथासंग्रहापासून ‘घटनातिरोधान’ हा विचार गुजराती कथेत रुजवला : घटनेला कथेत गौण करावे, तिला विरघळू द्यावे. मराठीत त्याआधीच नवकथेने, म्हणजे गंगाधर गाडगीळ आदींच्या नव्या वळणाच्या कथेने, ना. सी. फडक्यांच्या तंत्रनिष्ठ कथेपासून फारकत घेतली होती. घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना या दोन्ही हालचाली शेजारी ठेवून मुळातून वाचता येतात. घटना विरळ झाली तरी मांडणीचा क्रम नाहीसा होत नाही, उलट तो अधिक काटेकोर होतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसते. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे कार्ड त्यासाठी पहिल्याच महिन्यात काढावे.

तयार नोट्स देणारे शिक्षक मनाने चांगले असतात, पण त्यांच्या नोट्स वाचून कथा वाचायला बसलेला विद्यार्थी त्या कथेत नोट्सच शोधतो. क्रम उलटा ठेवा : आधी कथा, मग स्वतःची दोन-चार वेडीवाकडी वाक्ये, मग समीक्षा. यूट्यूबवरचे कथासार ऐकून दिलेले उत्तर वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच ओळखू येते. उत्तर सांगण्याऐवजी ‘हे वाक्य काढून टाकले तर काय बिघडेल’ असे विचारणारा एखादा मार्गदर्शक मिळाला तर त्याचा कंटाळा येऊ देऊ नका. पहिल्या सत्रात काहीच सुचत नाही, वर्गातले इतर आपल्याहून फार पुढे आहेत असे वाटते. ते वाटणे खोटे असते, कारण त्यांतले बरेच जण तुमच्यासारखेच कथासार लिहीत असतात.

एक कथा दोनदा वाचावी. दुसऱ्या वाचनात कागदाच्या डाव्या बाजूला घटना घडल्या त्या क्रमाने आणि उजव्या बाजूला सांगितल्या त्या क्रमाने लिहाव्यात. दोन्ही बाजू जिथे जुळत नाहीत तिथून उत्तराला सुरुवात करावी. जुळल्याच, तर लेखकाने सरळ क्रम का राखला हा प्रश्न उरतोच. कादंबरीची घाई मात्र करू नये. तिच्यात मुख्य सूत्राबरोबर लांबवर चालणारे उपकथानक आणि तेवढ्यापुरता येऊन जाणारा प्रसंग असे दोन्ही भेटतात. त्यांच्यासाठी नाट्यशास्त्रात अनुक्रमे असलेल्या ‘पताका’ आणि ‘प्रकरी’ या संज्ञा, ज्या तोवर केवळ पाठ केलेल्या असतात, त्या तिथे प्रथमच खऱ्या अर्थाने कामी येतात.