पाचव्या पानावरची बातमी : गावातल्या अडचणीतून धंदा कसा शोधावा

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याच्या वाघिणी घेऊन रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा देशभरातले कॅमेरे तिकडे वळले होते. त्याआधीच लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. त्याच दिवसांत आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी कर्ज काढून पाण्याचा टँकर घेतला. लातुरात नव्हे, पुण्याच्या कडेला. रोज रात्री टीव्ही बघून त्यांची खात्री पटली होती की आता पाण्यातच पैसा आहे. पुढे पाऊस पडला आणि टँकर दारात उभा राहिला. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू होता.

अडचण त्यांना बरोबर दिसली होती. ती वर्षातले किती दिवस टिकते, हे त्यांनी मोजलं नव्हतं. बातमी वाचून धंदा शोधायचा तर सगळं काम या मोजण्यात आहे. कसं मोजायचं ते सांगतो, आणि त्यासाठी माझ्या भाच्याचंच उदाहरण घेतो. ते मी जवळून पाहिलंय.

पहिलं पान सोडा

पहिल्या पानावरची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते, आणि ती बहुतेक वेळा आणीबाणीची असते. आपल्या कामाचा मजकूर आत असतो: शहराची पानं, तालुक्याचं वार्तापत्र, वाचकांची पत्रं, जाहीर नोटिसा, निविदा. ‘अमुक प्रभागात दुर्गंधी, नागरिक हैराण’ अशी चार ओळींची बातमी कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. तुम्ही वाचा. तीच तक्रार वर्षात तिसऱ्यांदा, वेगळ्या पेठेतून किंवा वेगळ्या गावातून आली, की पेन उचला.

महिनाभर एक वही ठेवा. कात्रण चिकटवा आणि खाली चार गोष्टी लिहा: त्रास नेमका कोणाला आहे, ते लोक आज त्यावर काय करतात, त्यात खिशातून किती जातात, आणि हा त्रास वर्षातले किती महिने असतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. लोक नुसते कुरकुरत असतील तर तिथे धंदा नाही. कुरकुरत का होईना पैसे मोजत असतील, तर आहे.

रस्त्यावरच्या खड्ड्यांचंच बघा. त्रास लाखोंना, बातमी दर पावसाळ्याला. पण खड्डा बुजवायला स्वतःच्या खिशातून कोणी दमडी देणार नाही, कारण ते पालिकेचं काम आहे आणि त्यासाठी कर भरलेला आहे. खड्ड्यांवर कमावतात ते टायरवाले आणि हाडांचे डॉक्टर. कांद्याचा भाव पडल्याची बातमीही तशीच. त्रास खरा, पण त्या आठवड्यात शेतकऱ्याच्या हातात तुम्हाला द्यायला पैसाच नसतो. अशी बातमी वहीत राहू द्या, पण तिच्यावर भांडवल लावू नका.

नियम बदलल्याची बातमी, आणि त्यानंतरची

नवा नियम आला, की काल जे काम कोणाचंच नव्हतं ते आज कोणाच्या तरी गळ्यात पडतं. धंद्यासाठी याहून चांगली बातमी नसते. पण इथेच माणसं फसतातही.

महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000. लगेच गल्लोगल्ली कापडी पिशव्या शिवायला घेतल्या गेल्या. कारवाई जोरात असताना पिशव्या खपतात. कारवाई सैल पडली की भाजीवाल्याकडे पातळ पिशवी पुन्हा दिसू लागते आणि शिवलेला माल घरात पडून राहतो. म्हणून नियमाच्या बातमीपाठोपाठ येणाऱ्या बातम्या शोधा. दंड झाला का? कोणाला झाला? दुसऱ्या वर्षीही झाला का? नियम कागदावर आहे की रस्त्यावर, हे तिथे कळतं.

एकाच पानावर दोन बातम्या

आता भाच्याची गोष्ट. कृषी पदविका झालेली, नोकरी मिळत नव्हती, म्हणून मी त्याला वहीचं काम लावलं. तीन आठवड्यांनी तो वही घेऊन आला. एका कात्रणात सोसायट्यांमधले खतप्रकल्प बंद पडल्याची तक्रार होती. त्याच पानावर खाली दुसरी बारीक बातमी: पालापाचोळा जाळल्याने धूर, ज्येष्ठ नागरिकांना त्रास.

“मामा, या दोन बातम्या एकमेकींचं औषध आहेत,” तो म्हणाला.

पार्श्वभूमी थोडी सांगायला हवी. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर जात होता. तिथल्या ग्रामस्थांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या आणि कचरा जिथे तयार होतो तिथेच जिरवा, ही मागणी शहराच्या दारात आणून ठेवली. पुढे केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. बिल्डर इमारतीबरोबर खताचे खड्डे बांधून देतो. पण तो ते चालवत नाही, आणि सोसायटीला ते चालवता येत नाहीत.

खड्डे बिघडतात ते एका साध्या कारणाने. स्वयंपाकघरातला कचरा म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. कलिंगडाच्या साली, उरलेली आमटी, चहाचा चोथा. त्यात कोरडं काही मिसळलं नाही तर हवा खेळत नाही, कचरा कुजण्याऐवजी सडतो, आंबूस वास सुटतो, आळ्या होतात. आणि त्याच आवारात झाडूवाल्या मावशी रोज सकाळी वाळका पाला पोत्यात भरून बाहेर काढत असतात, नाहीतर कोपऱ्यात काडी लावतात! खड्ड्याला हवा असलेला कोरडा माल वीस पावलांवर फुकट पडलेला. (पाला नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून देणारा एक उपक्रम पुण्यात काही वर्षांपासून चालू आहे, म्हणजे ही कल्पना भाच्याला पहिल्यांदा सुचली असं नव्हे. कल्पना नवीन असायलाच हवी असंही नाही.)

जागेवर जा आणि मागचं विचारा

बातमीत वास येत नाही. म्हणून तिसरं काम चपला घालून करायचं. आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या 84 फ्लॅटच्या एका सोसायटीत गेलो. भाच्याने वॉचमनला विचारलं, “काका, हा खड्डा कधीपासून बंद आहे?”

“बंद कुठंय? चालू आहे की. वास येतोय ना.”

झाकण उघडून भाच्याने मूठभर कचरा हातात घेऊन दाबला. बोटांमधून पाणी गळलं. दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतपतच ओल हवी. एवढ्या एका मुठीत त्याचं निदान झालं.

मग सेक्रेटरींकडे गेलो. इथे बहुतेक तरुण चुकतात. ‘आम्ही अशी सेवा सुरू केली तर घ्याल का?’ असं विचारतात आणि समोरचा चहा पाजून ‘हो हो, छान कल्पना’ म्हणतो. त्या ‘हो’ला काही किंमत नाही. पुढचं विचारू नका, मागचं विचारा. गेल्या महिन्यात याचं काय केलंत? कोणाला बोलावलं? किती दिले? सेक्रेटरी काका सांगायला लागले: माळ्याला वरचे 1,000 देतो, तो नुसती माती टाकून जातो. साचलेला कचरा उचलायला खासगी गाडीवाला येतो, त्याचे 3,000. म्हणजे महिन्याला 4,000 रुपये जात होतेच, आणि वास तसाच. एवढं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पोराच्या वहीत काहीतरी आहे.

अशी पाच-सहा ठिकाणं तरी पाहा. एक सोसायटी म्हणजे योगायोगही असू शकतो. आणि आकडा हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरा. 10 रुपये शुल्क, साधारण 30 दिवसांत उत्तर. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण असे प्रकल्प करणाऱ्यांना मिळकत करात 5 ते 10 टक्के सवलत देते. तुमच्या भागात किती सोसायट्या ही सवलत घेतात, असा नेमका प्रश्न विचारला की गिऱ्हाइकांची यादीच हाती येते. मोघम प्रश्नाला उत्तरही मोघम येतं.

हिशेब कागदावर

भाच्याचा पहिला हिशेब खतविक्रीचा होता. तो मी खोडला. फ्लॅटमागे रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर 84 फ्लॅटचा 42 किलो, महिन्याला सव्वाबाराशे किलोच्या वर. त्याचं खत होतं पाचव्या हिश्शाच्या आसपास, अडीचशे किलो. ते चाळायचं, भरायचं, विकायचं कोणी? सोसायटीच्या बागेतच ते संपतं. विकायचं आहे ते खत नाही, वास न येणं आहे.

मग असा हिशेब मांडला. रोज दीड तासाचं काम, म्हणजे एक माणूस चार सोसायट्या सांभाळेल. पगार 15,000, तर एका सोसायटीच्या वाट्याला 3,750. विरजण म्हणून टाकायचं कल्चर आणि पाला कमी पडेल तेव्हा भुसा मिळून 1,500. पेट्रोल 600. एकूण 5,850. फ्लॅटमागे महिन्याला 100 रुपये घेतले तर जमा 8,400. उरतात 2,550. चार सोसायट्यांचे 10,200. एवढ्यात घर चालत नाही, हे पोराला आधीच कळलेलं बरं. दहा सोसायट्या झाल्या तर 25,500 उरतील, आणि त्या मिळायला एक वर्ष जाईल असं धरून चाला.

सोसायटीच्या बाजूनेही हिशेब करून न्या. 8,400 ऐकून सेक्रेटरी काका दचकले होते. पण 4,000 आजही जातातच, म्हणजे वाढीव 4,400, फ्लॅटमागे 52 रुपये. कोणाचा मिळकत कर वर्षाला 12,000 असेल तर 5 टक्के सवलत म्हणजे 600, महिन्याला 50. प्रकल्प बंद म्हणून सवलत गेली तर तेवढं नुकसान, टिकली तर खर्च जवळजवळ निघाला. सर्वसाधारण सभेत हाच कागद वाचला गेला.

यंत्र घेऊ नका, महिनाभर करून दाखवा

पहिला महिना भाच्याने 4,000 रुपयांतच केला, म्हणजे सोसायटी जेवढे आधीच देत होती तेवढेच. फुकट करून दाखवू नका. फुकटात केलेल्या कामाची तक्रार होत नाही आणि कौतुकही खरं नसतं. खर्च झाला हातमोजे, दाताळं, दोन ड्रम आणि एक चाळणी एवढ्यावर. खत व्हायला दीड महिना लागतो, पण वास आठवड्यातच ओसरला.

अडचण भलतीकडेच निघाली. ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या, डायपर, फुटकी कपबशी. भाच्याचा निम्मा वेळ खड्ड्यात नाही, दारोदार बोलण्यात गेला. हे कोणत्याही बातमीत नव्हतं आणि वहीतही नव्हतं; करून बघितल्याशिवाय कळलंही नसतं. त्याने दरात तेवढा वेळ धरला नव्हता.

आणखी एक गोष्ट मी त्याला बजावली. पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करतात त्यांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया मोठ्या संख्येने आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती संस्था उभी राहिली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून काम करते. घरटी दरमहा शुल्कावर त्यांचं घर चालतं. ‘आता सगळं आम्हीच उचलू’ असं सोसायटीला सांगून त्यांच्या पोटावर पाय आणायचा नाही. उलट कोणत्या मजल्यावर कचरा वेगळा होत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं. दुसऱ्याच्या अडचणीत धंदा बघणाऱ्याने तिथे आधीपासून कोण राबतंय, हे पाहायलाच हवं. टंचाईत टँकरचा दर दुप्पट करणाऱ्याचा आणि आपला फरक एवढाच.

कागदपत्रं थोडक्यात

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. धंदा खाण्याचा असेल आणि उलाढाल छोटी असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते. कर्ज हवंच असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं, पण पहिले पैसे गिऱ्हाइकाकडून आल्यावरच बँकेची पायरी चढा.

आणि सोसायटीशी लेखी करार करा, एका पानाचा का असेना. त्यात दर, सुट्टीच्या दिवशी काय, वर्गीकरण न झालेला कचरा कोण उचलणार, हे लिहून घ्या. पावसाळ्यात खड्ड्यांवर पत्रा कोणी घालायचा, हेही लिहा. भाच्याने ते लिहून घेतलं नव्हतं. पहिल्याच जूनमध्ये रात्रीच्या पावसात दोन खड्डे काठोकाठ भरले, काळं पाणी पार्किंगपर्यंत आलं, आणि पत्र्याचे पैसे त्याच्याच खिशातून गेले.