बेळगावहून परदेशी मेडिकलला जायचं तर कागद कसे तयार करावेत

परदेशात एमबीबीएसला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी देश निवडतात, मग कॉलेज, मग फीची जुळवाजुळव, आणि कागदांचं नंतर बघू म्हणतात. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मुलांची कामं कागदांवर अडतात. जन्माचा दाखला कन्नडमध्ये, दहावी मराठी माध्यमात पण कर्नाटक बोर्डाची, बारावी गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला, आईचा टीसी चंदगडचा. दोन राज्यं आणि तीन भाषा यांतून आलेल्या कागदांवर एकाच मुलाचं नाव सगळीकडे सारखं असेल, अशी आशा धरू नका. वर्षानुवर्षं मी इथल्या मुलांचे हे अर्ज भरून देतो आहे. "तुम्ही फक्त पासपोर्ट द्या, बाकी आमच्यावर सोडा" म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीवर विसंबलेली पोरं ऑगस्टमध्ये रडवेली होऊन येतात, म्हणून हे लिहितोय.

पात्रता

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण. आणि नीट (NEET) या मेडिकल प्रवेश परीक्षेत पात्र, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल, राखीवला ४०. इथे राज्याची ओबीसी यादी चालत नाही, केंद्राची चालते. आपली जात दोन्हींत आहे का ते आधी बघा. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं धरला जातो. नीट पात्र न होता कुणी पाठवतो म्हणाला तर तिथेच उठा. असा मुलगा डॉक्टर होऊन परत आला तरी त्याला इथल्या परवाना परीक्षेला बसता येत नाही.

बाहेरचा विचार पक्का करण्याआधी आणखी एक करा. महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका काढून अटी वाचा. कित्येक पालकांच्या हे गावीही नसतं.

कॉलेज

"एनएमसी-मान्य परदेशी कॉलेज" असं काही नसतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढत नाही, म्हणून पत्रकावर हे शब्द छापणाऱ्यावर मी एका पैशाचाही विश्वास ठेवत नाही. आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम काढले आहेत. तुमचं कॉलेज त्यांत बसतं का, हे तुम्हालाच तपासावं लागतं. कॉलेजला ईमेल करून लेखी विचारा: शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आहे का? त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत मिळते का? पूर्ण शिक्षण इंग्रजीतून आहे का? आणि पदवीनंतर त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसाच डॉक्टरकीचा परवाना परदेशी विद्यार्थ्याला मिळतो का? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ कॉलेजं गोल गोल उत्तरं देतात. असं उत्तर म्हणजे नकार समजायचा. भाषा शिकायचं किंवा पूर्वतयारीचं वर्ष ५४ महिन्यांत मोजू नका. मधेच कॉलेज बदलून चालत नाही, आणि शिक्षण व इंटर्नशिप मिळून सगळं १० वर्षांत संपायला हवं.

नाव जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पूर्वी मीही इथेच अडकून पडायचो, कारण प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवायची.

एक उदाहरण घेऊ. मुलगी स्नेहल मारुती पाटील. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्सकार्डावर नुसतं "स्नेहल एम पाटील". बारावी महाराष्ट्र बोर्डाची, म्हणून तिथे आडनाव आधी: "पाटील स्नेहल मारुती". जन्मदाखल्यावर मुलीचं नावच नाही, फक्त आईबापाचं. आधारवर मारुतीच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी वाय, मार्क्सकार्डावर आय. वडिलांचं आडनाव आजोबांच्या कागदांत पाटील, पण शेताच्या उताऱ्यावर गौडा. आपल्याला ही सगळी एकच माणसं, हे कळतं. परदेशातल्या विद्यापीठाला आणि व्हिसा अधिकाऱ्याला कळत नाही.

यातून वाट काढताना क्रम मोडू नका. पाया दहावीचं मार्क्सकार्ड. त्यावरचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं बरोबर असतील तर बाकी प्रत्येक कागद त्याच्याकडे वळवायचा. चूक असेल तर आधी तेच दुरुस्त करायचं. "पासपोर्ट आधी काढा, मग बघू" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पासपोर्टवर चूक पक्की झाली की दुरुस्त्या दुप्पट होतात.

दहावीच्या दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फतच जातो. मुख्याध्यापकांना भेटा, शाळेच्या दाखल-रजिस्टरचा उतारा घ्या. रजिस्टरमध्ये नाव बरोबर आणि मार्क्सकार्डावर चूक असेल तर काम सोपं. रजिस्टरमध्येच चूक असेल तर तयारीने जा. कचेरी शाळेच्या शैक्षणिक जिल्ह्याप्रमाणे ठरते. खानापूर, बेळगावच्या शाळा बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतात. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीच्या शाळा चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात. निपाणीचा पालक बेळगावच्या कचेरीत दिवस घालवून परत येतो, हे मी फार बघितलंय. महाराष्ट्रात केलेल्या बारावीची दुरुस्ती कॉलेजमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जाते. तिचा कर्नाटकातल्या कुठल्याही कचेरीशी संबंध नाही.

नुसत्या "एम"चा मारुती करण्यासाठी मात्र बोर्डाच्या मागे लागू नका. आद्याक्षर आणि पूर्ण नाव एवढाच फरक असेल तर "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. आडनाव वेगळं, स्पेलिंगमुळे उच्चारच वेगळा, किंवा जन्मतारखेत फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. दुकानातला टायपिस्ट "चालतंय हो" म्हणेल, पण विद्यापीठात जाऊन उत्तर त्याला द्यायचं नसतं. जन्मतारखेसाठी सरळ वकील गाठा.

जन्मदाखला संगणकावरचा, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला काढा. त्यावर मुलाचं नाव नसेल तर आधी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात नाव घालून घ्या. गावाचं नाव २०१४ नंतर सरकारदरबारी बेळगावी झालं, जुन्या कागदांवर बेळगाम आहे. जुने कागद त्यासाठी बदलत बसू नका, पण नव्या प्रत्येक अर्जात एकच रूप लिहा.

मग पासपोर्ट. त्यात आडनावाचा रकाना रिकामा सोडायचा नाही आणि आद्याक्षरं लिहायची नाहीत. दिलेलं नाव "स्नेहल मारुती", आडनाव "पाटील".

हे सगळं दहावी झाल्यापासून सुरू करा. नीटचा निकाल जूनच्या सुमारास लागतो आणि परदेशी कॉलेजं सप्टेंबरला सुरू होतात. तेवढ्यात बोर्डाची दुरुस्ती होत नाही.

शिक्के आणि अपोस्टिल

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, फिलिपाइन्स, सगळीकडे अपोस्टिल केलेले कागद चालतात. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची, आंतरराष्ट्रीय करारानुसार चालणारी सरकारी मोहोर. भारत या करारात २००५ पासून आहे. बांगलादेश २०२५ मध्ये त्यात आला, म्हणून त्या देशाबद्दल जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली वकिलातीची पद्धत तशीच धरू नका. चीनही २०२३ मध्ये आला, पण भारताने हरकत घेतल्यामुळे भारत आणि चीन यांच्यात हा करार लागू झाला नाही, तेव्हा चीनसाठी अपोस्टिलवर विसंबू नका.

नियम सोपा आहे, पण सीमाभागात नेमका तोच विसरतात: कागद ज्या राज्याने दिला, त्याच राज्याचा शिक्का त्यावर लागतो. मार्क्सकार्डांवर त्या राज्याच्या शिक्षण खात्याचा, जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्रासारख्या वैयक्तिक कागदांवर गृह किंवा सामान्य प्रशासन खात्याचा. म्हणजे स्नेहलची एसएसएलसी बंगळूरकडे आणि बारावी मुंबईकडे. एजंटाने सगळे कागद एकाच गठ्ठ्यात घेतले तर त्याला तोंडावर विचारा की बारावीचा कागद कुठे जाणार. उत्तर लगेच आलं नाही तर कागद परत घ्या.

राज्याचा शिक्का झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालय कागद थेट आपल्याकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं. सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, वर एजन्सीचं सेवाशुल्क. हे ठाऊक असलं की हजारोंचे आकडे सांगणाऱ्याशी घासाघीस करता येते. काही एजंट राज्याचा शिक्का टाळून दिल्लीतल्या एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) सहीवर काम उरकतात. विद्यापीठाने तसं चालेल असं लेखी दिलं असेल तरच ते मान्य करा.

आणि हात जोडून सांगतो, मार्क्सकार्ड लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, स्टिकर चिकटत नाही. घरी सोलायला गेलात तर शाई निघून येते. आधीच केलं असेल तर बोर्डाकडून दुसरी प्रत मागवा. सुरक्षित ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा.

कागद परत आल्यावर स्टिकरवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. बनावट स्टिकर इथेच उघडे पडतात.

उरलेलं

भाषांतर, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला आणि व्हिसा ही कामं विद्यापीठाच्या यादीप्रमाणे करत जा, त्यांत अवघड काही नाही. फी मात्र बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावरच भरा. एजंटाच्या खात्यावर नाही, रोख तर मुळीच नाही.

परत आल्यावर परवाना परीक्षेत ३०० पैकी १५० गुण लागतात आणि बसणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त नापास होतात. मुलाला ही गोष्ट विमानात बसण्याआधी स्पष्ट सांगा, आणि पहिल्या वर्षापासून भारतीय अभ्यासक्रमाची पुस्तकं सोबत द्या.

जाताना सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती मुलाच्या आणि पालकांच्या, दोघांच्याही ईमेलवर ठेवा. नीटचं स्कोअरकार्ड, नीटचं प्रवेशपत्र आणि कॉलेजचं प्रवेशाचं पत्र यांच्या छापील प्रती घरी वेगळ्या पाकिटात ठेवा. परवाना परीक्षेच्या अर्जाला सहा वर्षांनी नीटचं तेच स्कोअरकार्ड मागतात, आणि तोवर ते संकेतस्थळावर असेलच असं नाही. पदवी हातात आली की तिच्यावर त्या देशातल्या भारतीय वकिलातीची साक्षांकित मोहोर किंवा त्या देशाचं अपोस्टिल तिथेच करून घ्यायला मुलाला सांगा. एकदा बेळगावला परतल्यावर ते काम करणं फार महागात पडतं.